रुंद मॉनिटर घेताना आधी उंची मोजा

रुंद पडद्याचा मॉनिटर घ्यायचं ठरलं की पहिला आकडा समोर येतो तो इंचांचा. २९, ३४, ३८, ४९. हा आकडा कर्णाचा असतो आणि पडदा जितका लांबट, तितका तो जास्त फसवतो. ३४ इंची अल्ट्रावाइड (साधारण २१:९ प्रमाणाचा लांबट पडदा) ३२ इंची साध्या मॉनिटरपेक्षा मोठा असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ३२ इंची १६:९ पडदा (रुंदी १६ भाग, तर उंची ९) सुमारे ७१ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच असतो. ३४ इंची अल्ट्रावाइड ८० सेंमी रुंद, पण उंची जेमतेम साडेतेहेतीस. क्षेत्रफळ काढा, ३२ इंचीच मोठा भरतो.

याहून गंमत म्हणजे जुना, जवळजवळ चौकोनी १९ इंची मॉनिटर. ५:४ प्रमाणाच्या त्या पडद्याची उंची सुमारे ३० सेंमी होती. आजचा २९ इंची अल्ट्रावाइड साडेअठ्ठावीस सेंमीचा, म्हणजे त्याच्यापेक्षाही बुटका. रुंदी डोळ्यांत भरते, पण पत्रं, कोड, हिशेबाचे तक्ते, वेबपानं हे सगळं वरून खाली वाचायचं असतं. म्हणून रुंद मॉनिटर निवडताना मी रुंदी सगळ्यात शेवटी बघतो. आधी उंची, मग त्या उंचीत किती पिक्सेल बसवलेत ते, मग पॅनल, मग पोर्ट. आणि मॉनिटर घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत त्याची कसून तपासणी.

पुठ्ठा कापून टेबलावर ठेवा

ही पायरी बहुतेकजण गाळतात. जो आकार मनात आहे त्या मापाचा पुठ्ठा कापा आणि आत्ताच्या मॉनिटरच्या जागी टेकवून ठेवा. मापं अशी धरा: २७ इंची १६:९ म्हणजे ६० × ३३.५ सेंमी, ३४ इंची अल्ट्रावाइड ८० × ३३.५, ३८ इंची ८९ × ३७, ४९ इंची १२० × ३३.५. कडेची चौकट यात धरलेली नाही. २७, ३४ आणि ४९ या तिघांची उंची जवळपास सारखीच आहे, हे इथे लगेच कळतं. ४९ इंची म्हणजे दोन २७ इंची मॉनिटर मधली चौकट काढून शेजारी शेजारी लावल्यासारखं.

पुठ्ठ्यासमोर नेहमीच्या खुर्चीत बसा आणि डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ६५ सेंमी आहे. ८० सेंमी रुंद सपाट पडद्याची कड डोळ्यांपासून ७६ सेंमीवर येते, १२० सेंमीच्या पडद्याची ८८ सेंमीवर. म्हणजे मधोमध वाचायला सोपा असलेला मजकूर कडेला पाव मीटरभर लांब जातो आणि तोही तिरपा दिसतो. पडद्याला वक्र करतात तो याचसाठी. वक्राचा आकडा त्रिज्येचा असतो, मिलिमीटरमध्ये: १८०० आर म्हणजे १.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, १००० आर म्हणजे १ मीटरचा. आकडा लहान तितका बाक जास्त. ३४ इंचीला हलका बाक पुरतो आणि सपाटही चालतो. ४९ इंची सपाट घेऊ नये. मात्र घराचे नकाशे, पानांची मांडणी, सरळ रेषांचं कोणतंही काम असेल तर जास्त बाकाचा पडदा डोक्याला ताप देतो. रेष सरळ आहे की पडद्यामुळे वाकलेली दिसते, हा संशय जात नाही.

टेबलाची खोलीही मोजा. रुंद मॉनिटरचा स्टँड बऱ्याचदा पाय पसरलेला असतो आणि पडदा भिंतीपासून वीतभर पुढे येतो. टेबल उथळ असेल तर क्लॅम्पवाला आर्म घ्यावा लागेल. त्यासाठी मॉनिटरमागे व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाची भोकं हवीत (७५ × ७५ किंवा १०० × १०० मिमी), आणि आर्म किती किलो पेलतो ते मॉनिटरच्या वजनाशी ताडून बघायला हवं. मोठ्या वक्र मॉनिटरचं वजन पुढच्या बाजूला झुकतं, म्हणून आर्म काठावरचा न घेता थोडा जास्त वजनाचाच घ्या.

पिक्सेलचं गणित, फक्त एकदाच करायचं

एका इंचात किती पिक्सेल आहेत त्यावर अक्षरांचा रेखीवपणा ठरतो. याला पीपीआय म्हणतात. काढायची रीत शाळेतल्या पायथागोरसची: रुंदीचे पिक्सेल वर्ग अधिक उंचीचे पिक्सेल वर्ग, त्याचं वर्गमूळ, भागिले इंच. ३४४० × १४४० च्या ३४ इंची पडद्याला ११० येतात. २५६० × १४४० च्या २७ इंचीला १०९. ३२ इंची फोर-के (३८४० × २१६०) ला १३८, २७ इंची फोर-के ला १६३. आणि २५६० × १०८० चा ३४ इंची मॉनिटर? ८२. हा टाळा. स्वस्त पडतो म्हणून तो पुष्कळ खपतो, पण त्यात पिक्सेल ताणून मोठे केलेले असतात, जागा वाढलेली नसते.

किती पीपीआय पुरेसे, हे अंतरावर अवलंबून आहे. चांगली नजर साधारण एक कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखते. त्यावरून एक सोयीचं सूत्र निघतं: ८७०० भागिले पीपीआय केलं की येतं ते सेंटिमीटरमधलं अंतर, ज्याच्या पलीकडे पिक्सेल वेगळे दिसेनासे होतात. ११० पीपीआयला ७९ सेंमी, १३८ ला ६३, ८२ ला १०६. तुम्ही पडद्यापासून ६५ सेंमीवर बसत असाल तर ११० पीपीआयवर अक्षरांच्या कडा किंचित जाणवतील, पण खुपणार नाहीत. ८२ वर खुपतील. देवनागरी मजकुराला हे जास्तच लागू आहे: अनुस्वाराचा टिंब, रफार, जोडाक्षरातली अर्धी अक्षरं लहान टाइपात पिक्सेल कमी पडले की एकमेकांत मिसळतात. मॉनिटर बघायला जाताना फोनमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर मराठीचं एखादं दाट पान सोबत ठेवा आणि नेहमीच्या टाइपात ते उघडून बघा. ‘र्‍हस्व’, ‘ङ्’, ‘क्ष्म’ असले शब्द आणि अक्षरं चटकन वाचता आली पाहिजेत.

पीपीआय जास्त असण्याला दुसरी बाजू आहे. २७ इंची फोर-के वर सगळं इतकं बारीक दिसतं की १५० टक्के स्केलिंग, म्हणजे सगळं दीडपट मोठं करून दाखवणं, लावावंच लागतं. मग अक्षरं सुरेख दिसतात, पण जागा मिळते ती १४४० पिक्सेल उंचीच्या पडद्याइतकीच. विंडोजमध्ये हे बरंचसं निभतं, जुनी सॉफ्टवेअर मात्र धूसर दिसतात. मॅकवर ११० किंवा २२० च्या आसपासचे पीपीआय सगळ्यात चांगले बसतात. मधल्या आकड्यांना मॅक चित्र आधी मोठं करून मग लहान करतो.

उभ्या पिक्सेलचा हिशेब तर अगदी हाताशी धरून करता येतो. एक्सेलची ओळ १०० टक्क्यांवर साधारण २० पिक्सेल उंच असते. १०८० वरून १४४० वर गेलात की ३६० पिक्सेल वाढले, म्हणजे १८ ओळी जास्त. १०८० चा कितीही रुंद मॉनिटर घेतलात तरी यातली एकही ओळ मिळणार नाही.

काम कोणतं, त्यावर आकार

दोन कागदपत्रं शेजारी ठेवून काम करणारा, एकीकडे कोड आणि एकीकडे त्याचा परिणाम बघणारा, व्हिडिओ किंवा ध्वनी संपादनाची लांबलचक टाइमलाइन हाताळणारा, अशा सगळ्यांना ३४ इंची ३४४० × १४४० फार सोयीचा. टाइमलाइनवाल्यांना तर एकदा सवय लागली की मागे फिरवत नाही. ज्याला दिवसभर एकच लांब मजकूर वाचायचा किंवा तपासायचा आहे, त्याने अल्ट्रावाइडच्या मोहात पडू नये. ३२ इंची फोर-के, नाहीतर १६:१० चा मॉनिटर बघावा. खिशाला परवडत असेल तर ३८ इंची ३८४० × १६०० किंवा ४० इंची ५१२० × २१६० हे दोन्ही प्रश्न सोडवतात, कारण त्यांना रुंदीबरोबर उंचीही आहे.

सिनेमासाठी घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. २.३९:१ प्रमाणातले चित्रपट २१:९ पडदा भरून दिसतात खरे, पण बऱ्याच ठिकाणी तेच चित्रपट १६:९ च्या चौकटीत वरखाली काळ्या पट्ट्या घालून दिलेले असतात. मग अल्ट्रावाइडवर चारही बाजूंनी काळं दिसतं आणि चित्र मधे लहानसं. साध्या १६:९ व्हिडिओला पडद्याची चौथाई रुंदी कडेला रिकामी राहते.

ऑनलाइन मीटिंगमध्ये पूर्ण पडदा शेअर केलात तर समोरच्याच्या लॅपटॉपवर मुंग्यांएवढी अक्षरं दिसतात. फक्त खिडकी शेअर करायची सवय लावा. आणि गेम खेळणार असाल तर ग्राफिक्स कार्डाकडे बघा: ३४४० × १४४० म्हणजे सुमारे साडेएकोणपन्नास लाख पिक्सेल, २५६० × १४४० पेक्षा ३४ टक्के जास्त. आज जे कार्ड कसंबसं पुरतंय, ते उद्या पुरणार नाही.

पॅनल

पॅनल म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणारा थर. बाजारात त्याच्या मुख्यतः तीन जाती आहेत. आयपीएस पॅनलचे रंग आणि बाजूने दिसणं चांगलं, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याच्या उजळपणातला फरक) मात्र साधारण १०००:१, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. व्हीए पॅनलचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास, काळा खरोखर काळा. पण कोनातून बघितलं की गडद छटा फिक्या पडतात, आणि काळ्यावरून गडद राखाडीवर जायला पिक्सेलला वेळ लागतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर मजकूर सरकवला की मागे धुरकट शेपूट दिसतं. रुंद व्हीए मॉनिटर बहुतेक वक्र असतात, त्याचं एक कारण हा कोनाचा दोष झाकणं हेही आहे. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, काळा म्हणजे बंदच. चित्र बघून भुरळ पडते. पण रोज आठ तास तोच टास्कबार, तीच अर्धी-अर्धी मांडणी ठेवणाऱ्याला बर्न-इनची, म्हणजे तेच चित्र पडद्यावर कायमचं उमटून राहण्याची, टांगती तलवार आहे, आणि काही ओलेड पॅनलमध्ये पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांची रचना वेगळी असल्यामुळे अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. वॉरंटीत बर्न-इन धरलंय का, हे शब्दशः वाचून घ्या.

लिहिण्या-वाचण्याच्या कामाला माझं मत आयपीएसला. रात्री दिवे घालवून सिनेमा बघणाऱ्याला व्हीए. ओलेड खेळ आणि सिनेमासाठी, दिवसभराच्या एक्सेलसाठी नको.

खोक्यावरच्या बाकीच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नका. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’चे लाखांतले आकडे सोडून द्या. ‘१ मिलिसेकंद’ हा पिक्सेल बदलण्याचा वेग बहुधा अशा सेटिंगवर मोजलेला असतो जे कुणी रोज वापरणार नाही. एचडीआर ४०० (एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद छटांतला फरक वाढवून दाखवणं) हा शिक्का असून नसल्यासारखा: व्हेसाने २०१७ मध्ये आणलेल्या या श्रेणींत सगळ्यात खालच्या श्रेणीला बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) भागाभागाने मंद करण्याची अट नाही, आणि त्याशिवाय एचडीआरला अर्थ नाही. रंगांचं मात्र बघा. एसआरजीबी या संगणकावरच्या नेहमीच्या रंगसंचाच्या ९५ ते १०० टक्के हवं. खोक्यावर ‘एनटीएससी ७२ टक्के’ (हा दुसरा, मोठा रंगसंच) लिहिलं असेल तर ते साधारण तेवढंच, आणि ‘४५ टक्के’ असेल तर रंग फिके, घेऊ नका. रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, ते हर्ट्झमध्ये) कार्यालयीन कामालाही १०० हर्ट्झ असेल तर सरकणारा मजकूर डोळ्यांना बरा वाटतो. १४४ च्या पुढचं खेळणाऱ्यांनी बघावं.

पोर्ट आणि केबल: तक्रारींची खरी खाण

मॉनिटर चांगला, संगणक चांगला, आणि मधली केबल किंवा डॉक (लॅपटॉपला जास्तीची पोर्ट देणारी डबी) सगळ्यावर पाणी फिरवतो, असं फार वेळा होतं. लॅपटॉपवर कोणतं पोर्ट आहे ते आधी बघा. एचडीएमआय १.४ वर फोर-के ३० हर्ट्झपर्यंतच चालतं. माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. एचडीएमआय २.० वर (सेकंदाला १८ गिगाबिट) ६० हर्ट्झ मिळतं. ‘एचडीएमआय २.१’ लिहिलेलं असलं तरी ४८ गिगाबिटचा पूर्ण वेग मिळेलच असं नाही, कारण त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. म्हणून तपशिलात ‘या पोर्टवर कमाल किती रिझोल्यूशनला (रुंदी × उंचीच्या पिक्सेलना) किती हर्ट्झ’ हे वाक्य शोधा. जमेल तिथे डिस्प्लेपोर्टच वापरा.

यूएसबी-सीची एकच केबल लावून चित्र, चार्जिंग आणि माउस-कीबोर्ड सगळं चालवणं ही मोठी सोय. पण लॅपटॉपचं ते पोर्ट चित्र पाठवणारं असलं पाहिजे, सगळी नसतात. चार्जिंगचे वॅटही जुळायला हवेत: लॅपटॉपला ९० वॅट लागत असतील आणि मॉनिटर ६५ देत असेल तर जड कामात बॅटरी हळूहळू उतरत राहील. बाहेरचा डॉक असेल तर आणखी एक खोच आहे. पुष्कळ डॉक केबलमधल्या माहिती नेणाऱ्या चार मार्गिकांपैकी दोनच चित्रासाठी देतात आणि उरलेल्या यूएसबीला. जुन्या लॅपटॉपवर त्यामुळे फोर-के ३० हर्ट्झवर अडकतं. ३४४० × १४४० मात्र ६० हर्ट्झला त्यातूनही जातं.

मॉनिटर आला: पहिल्या दिवसाची तपासणी

खोकं फाडू नका, उघडा. आतले थर्माकोल कसे बसवलेत त्याचा फोटो काढून ठेवा. वक्र मॉनिटर परत पॅक करायची वेळ आली तर हा फोटो तुमचा अर्धा तास वाचवेल. उचलताना पडद्यावर बोटांचा दाब देऊ नका. चौकटीला आणि पाठीला धरा.

जोडा, मूळ रिझोल्यूशन आणि पूर्ण रिफ्रेश रेट सेटिंगमध्ये जाऊन स्वतः निवडा. संगणक बऱ्याचदा १४४ हर्ट्झचा मॉनिटरही ६० वरच चालवत राहतो. मग अर्धा तास तसाच चालू राहू द्या. बॅकलाइट तापून स्थिर व्हायच्या आत रंगांबद्दल काही ठरवू नका.

तपासणीची चित्रं स्वतः बनवता येतात. चित्रं काढायच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये मॉनिटरच्या मूळ मापाची सात पानं करा: पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं, मध्यम राखाडी (१२८, १२८, १२८) आणि खूप गडद राखाडी (१५, १५, १५). लागोम आणि टेस्टयूएफओ या संकेतस्थळांवर तयार चाचण्याही आहेत; हलत्या चित्राच्या चाचण्यांसाठी दुसरं उघडावंच.

*पिक्सेल.* पडदा आधी कोरड्या मऊ कापडाने पुसा, नाहीतर धुळीच्या कणालाच मेलेला पिक्सेल समजाल. मग एकेक रंग पूर्ण पडद्यावर लावून डावीकडून उजवीकडे, शेतात नांगर फिरवावा तसं पट्ट्या-पट्ट्यांनी नजर फिरवा. पांढऱ्यावर काळा ठिपका म्हणजे मेलेला पिक्सेल, काळ्यावर रंगीत ठिपका म्हणजे अडकलेला. एखाद-दुसरा ठिपका असला की मॉनिटर बदलून मिळेलच असं समजू नका. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन सतत उजळलेले आणि दोन सतत काळे पिक्सेल चालून जात होते. त्या हिशेबाने ३४ इंची अल्ट्रावाइडवर दहा-दहा ठिपके ‘नियमात’ बसतील. २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-३०७ ने घेतली, पण वर्गवारीची पद्धत कायम आहे. काही कंपन्या एकाही उजळ ठिपक्याला बदली देतात. विकत घेण्याआधी हे धोरण वाचा, नंतर नाही. अडकलेला पिक्सेल चोळून सुटतो असं सांगणारे भेटतील. मुदत चालू असताना ते करू नका, दाबाची खूण उठली तर दोष तुमच्या माथी येईल.

*काळा पडदा.* रात्री खोलीतले दिवे घालवा, ब्राइटनेस नेहमीच्या वापरावर आणा आणि काळं पान लावा. कोपऱ्यांत आणि कडांना उजेड झिरपताना दिसेल. तो झिरपणारा बॅकलाइट आहे की आयपीएसची मुळातली चमक, हे ओळखायला डोकं डावी-उजवीकडे आणि मागे न्या. डोक्याबरोबर सरकतो, मागे गेल्यावर कमी होतो, तो पॅनलचा स्वभाव. जागचा हलत नाही तो दोष. फोनने काढलेल्या फोटोवर भरवसा ठेवू नका, कॅमेरा अंधारात एक्स्पोजर वाढवून क्षुल्लक उजेडही वणव्यासारखा दाखवतो. फोटो काढायचाच तर एक्स्पोजर हाताने कमी करा, डोळ्यांना दिसतंय तेवढंच येईपर्यंत.

*एकसारखेपणा.* रुंद मॉनिटरचा हा सगळ्यात दुखरा भाग आणि सगळ्यात कमी तपासला जाणारा. एक कोरी पांढरी खिडकी उघडा, पडद्याच्या एक तृतीयांश रुंदीची. ती डाव्या कडेला लावा, आणि माउसने धरून सावकाश उजव्या कडेपर्यंत ओढत न्या. खिडकी तीच, पांढरा तोच. पण पडदा सदोष असेल तर वाटेत तो पांढरा पिवळसर, मग निळसर, कडेला गुलाबी होताना दिसेल. हेच मध्यम राखाडीवर करा, तिथे ते आणखी स्पष्ट कळतं. दोन कोरी कागदपत्रं दोन टोकांना ठेवूनही बघा. किंचित फरक प्रत्येक मॉनिटरला असतो. दोन कागद वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले वाटू लागले तर परत करा, कारण रोज शेजारी शेजारी दोन पानं ठेवूनच तर काम करायचंय. गडद राखाडी पानावर उभ्या पट्ट्या किंवा ढगाळ डाग दिसतात का तेही बघा. फुटबॉलच्या हिरव्या मैदानावरून कॅमेरा फिरताना हेच डाग मळक्या काचेसारखे दिसतात.

*अक्षरं.* निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं लिहा, नेहमीच्या मापाची. कडा रेखीव असतील तर ठीक. डाग पडल्यासारखी, पसरलेली दिसली तर संगणक मॉनिटरला टीव्ही समजून रंगांची माहिती कमी करून पाठवतोय. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांचा प्रकार आरजीबी आणि ‘फुल’ करा. काळा राखाडी दिसत असेल किंवा गडद छटा सगळ्या एकसारख्या काळ्या दिसत असतील तर ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’चा गोंधळ आहे. एचडीएमआयवर हे नेहमीचं. मॉनिटरच्या मेनूत ‘शार्पनेस’ मध्यावर आणा. जास्त असेल तर काळ्या अक्षरांना पांढरी किनार दिसते.

*लुकलुक.* काही मॉनिटर ब्राइटनेस कमी करायला बॅकलाइट वेगाने बंद-चालू करतात, ज्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. काहींना याने डोकं दुखतं, काहींना काहीच होत नाही. ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणा, पांढरं पान लावा आणि पडद्यासमोर पेन्सिल जोरात डावी-उजवी हलवा. पेन्सिलीची सलग धूसर पट्टी दिसली तर चांगलं. सुट्या सुट्या पेन्सिली पंख्यासारख्या दिसल्या तर मॉनिटर लुकलुकतो. फोनचा शटर हजारांश सेकंदावर ठेवून फोटो काढला तर काळे पट्टेही दिसतील.

*हालचाल.* टेस्टयूएफओवर हलती चित्रं बघत मेनूतली ‘ओव्हरड्राइव्ह’ किंवा ‘रिस्पॉन्स टाइम’ची (पिक्सेल किती झपाट्याने बदलावा याची) सेटिंग एकेक करून बदला. सगळ्यात वरची सेटिंग बहुधा जाहिरातीसाठीच असते. वस्तूमागे उजळ भूत दिसू लागलं की एक पायरी खाली या. तिथेच फ्रेम गळतात का हेही शटर मंद ठेवून काढलेल्या फोटोतून कळतं: उजळलेल्या चौकोनांच्या रांगेत मधेच भोक असेल तर मॉनिटर सांगितलेला रिफ्रेश रेट खरंच दाखवत नाही. व्हीए मॉनिटरवर गेम खेळणाऱ्यांनी व्हेरिएबल रिफ्रेश (गेमच्या वेगाप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट) चालू ठेवून अंधाऱ्या दृश्यात पडदा फडफडतो का, तेही बघावं.

शेवटी कान लावा. मॉनिटरमागे कान नेऊन ब्राइटनेस शून्यापासून शंभरपर्यंत न्या. बारीक शिटीसारखा आवाज येत असेल तर शांत खोलीत तो रोज छळेल. आणि संगणक चार-पाच वेळा झोपवून उठवा. डॉकमधून जोडलेला रुंद मॉनिटर कधी कधी उठतच नाही, किंवा उठतो तेव्हा सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात ढीग होऊन पडलेल्या असतात.

आठवडाभर रोजचं काम करून बघा

चाचण्यांत पास झालेला मॉनिटरही तुमच्या कामाला नापास होऊ शकतो. पहिल्या दिवशी ब्राइटनेस कमी करा, नवे मॉनिटर डोळे दिपवण्याइतके उजळ असतात. घरात बसून काम करायला १२० निट्सच्या (उजळपणाचं माप) आसपास पुरतं. मोजायचं यंत्र नसेल तर पडद्याशेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत खाली आणा. रंगाचं तापमान ६५०० के किंवा ‘एसआरजीबी’ मोडवर ठेवा, पण काही मॉनिटर त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलूच देत नाहीत, ते बघून घ्या. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. चष्म्याला प्रोग्रेसिव्ह (लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या) काचा असतील तर आणखी खाली.

खिडक्या मांडायची सोय लावा. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं फॅन्सीझोन्स फुकट आहे आणि रुंद पडद्याला ते हवंच. अर्धे-अर्धे भाग करण्यापेक्षा मधे अर्धा आणि कडेला चौथाई-चौथाई अशी मांडणी बघा: मुख्य काम नाकासमोर, संदर्भ डावीकडे, संवाद उजवीकडे. अर्ध्या-अर्ध्या मांडणीत पडद्याचा मध्य नेमका दोन खिडक्यांच्या सांध्यावर येतो आणि मान दिवसभर एका बाजूला वळलेली राहते. संध्याकाळी मान दुखू लागली तर मॉनिटरला दोष देण्याआधी ही मांडणी बदलून बघा.

दिवसा खिडकीचा उजेड कुठून येतो, मॅट पडद्याची खरखर पांढऱ्या पानावर जाणवते का, टाइप करताना स्टँड डगमगतो का, मेनूची बटणं अंधारात चाचपून सापडतात का, हे सगळं याच आठवड्यात कळतं. परताव्याच्या मुदतीच्या दोन दिवस आधी पिक्सेलची चाचणी पुन्हा एकदा करा, कारण काही ठिपके थोड्या वापरानंतरच उमटतात.

दोष सापडला तर लगेच लेखी कळवा. फोटो तीन काढा: संपूर्ण पडद्याचा, दोषाचा जवळून, आणि मागच्या अनुक्रमांकाच्या लेबलाचा. दोषाच्या फोटोत शेजारी मोजपट्टी धरली तर जागा सांगणं सोपं जातं. ‘रंग बरोबर नाहीत’ असं मोघम लिहू नका; ‘मध्यम राखाडी पानावर उजव्या कडेपासून २० सेंमीपर्यंत गुलाबी झाक, केबल आणि संगणक बदलूनही तीच’ असं लिहा. दुसरी केबल आणि दुसरा संगणक लावून आधीच बघितलेलं असलं की ग्राहक सेवेची पहिली दोन उत्तरं आपोआप बाद होतात. बदलून आलेल्या मॉनिटरची तपासणीही पहिल्यापासून करा. बदली म्हणून येणारा नग कधी कधी दुरुस्त केलेला असतो, त्यामुळे लेबलावरची उत्पादनाची तारीख आणि कडेचे ओरखडे आधी बघा, आणि नवं खोकं हाती पडलं तरी वॉरंटी पहिल्या बिलाच्या तारखेपासून मोजतात की बदलीच्या, हे तेव्हाच लेखी विचारून ठेवा.